कधीच न बांधलेला सूक्ष्मदर्शक

जुलै १९२३. म्युनिक विद्यापीठात डॉक्टरेटची तोंडी परीक्षा चालली होती. उमेदवार वेर्नर हायझेनबर्ग, वय एकवीस. प्रबंध प्रवाहांतल्या खळबळीवरचा. मार्गदर्शक आर्नोल्ड सोमरफेल्ड यांना या मुलाच्या बुद्धीबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पण समोर विल्हेल्म वीनही बसले होते. वीन प्रयोगशाळेत मुरलेले, नोबेल मिळालेले, आणि या मुलानं प्रात्यक्षिकाचं काम कसं उरकलं होतं ते न विसरलेले. त्यांनी व्यतिकरणमापीच्या विभेदनक्षमतेबद्दल विचारलं, म्हणजे अगदी जवळजवळच्या दोन गोष्टी उपकरणाला कितपत वेगळ्या दाखवता येतात ते. हायझेनबर्गला सांगता येईना. मग दुर्बिणीची विभेदनक्षमता, मग सूक्ष्मदर्शकाची. तीही नाही. शेवटी बॅटरी कशी चालते हे विचारून पाहिलं, तिथंही गाडी अडली. सोमरफेल्डांनी अव्वल श्रेणी दिली, वीननी शेवटची, आणि दोन्हींचा मेळ घालून मुलगा कसाबसा पास झाला. त्याच रात्रीच्या गाडीनं तो गॉटिंगेनला निघाला आणि सकाळी माक्स बॉर्न यांच्यापुढे उभा राहिला: कबूल केलेली सहायकाची जागा अजून आहे ना, हे विचारायला.

हा किस्सा मोठ्या माणसाच्या लहानपणीची फजिती म्हणून सांगितला जातो. त्याचं खरं वजन चार वर्षांनी कळतं. १९२७ साली याच माणसानं एका सूक्ष्मदर्शकाची गोष्ट रचली. इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, प्रकाशाचा कण इलेक्ट्रॉनला धक्का देतो, म्हणून त्याचं स्थान कळलं की वेग बिघडतो. ही गोष्ट आज शाळेच्या पुस्तकापासून कीर्तनापर्यंत सगळीकडे पोचली आहे. सोपी आहे, बरीचशी खरीही आहे. पण मूळ रचनेत तिच्यात विभेदनक्षमतेचीच चूक होती, आणि दुरुस्त झाल्यावरही तिनं एक अधिक खोल मुद्दा बराच काळ झाकून ठेवला.

तो मुद्दा गुणाकाराचा आहे.

१९२५ च्या जूनमध्ये परागकणांच्या त्रासानं चेहरा सुजलेला हायझेनबर्ग उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांड बेटावर जाऊन राहिला. त्या रात्रींचं वर्णन त्यानं स्वतःच पुढे इतकं रंगवून लिहिलं आहे की ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. काम काय झालं ते महत्त्वाचं. अणूतला इलेक्ट्रॉन कोणत्या कक्षेत फिरतो हे कोणी कधी पाहिलेलं नाही. दिसतात त्या वर्णपटातल्या रेषा, त्यांच्या वारंवारता आणि त्यांची तीव्रता. तेव्हा कक्षा सोडून द्यायची आणि गणितात फक्त या दिसणाऱ्या राशी ठेवायच्या, असं त्यानं ठरवलं. प्रत्येक रेषा दोन ऊर्जापातळ्यांमधली, त्यामुळे स्थानाच्या जागी एक संख्या न येता संख्यांचा चौकोनी तक्ता आला. अशा दोन तक्त्यांचा गुणाकार करायचा नियमही त्यानं शोधला, आणि तिथं त्याला खटकणारी गोष्ट दिसली. पहिला गुणिले दुसरा आणि दुसरा गुणिले पहिला यांची उत्तरं वेगळी येत होती.

क्रमानं फरक पडणं ही व्यवहारात नवलाची गोष्ट नाही. आधी पाऊस आणि मग पेरणी, किंवा आधी पेरणी आणि मग पाऊस, यांतला फरक शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. पण पेरणी आणि पाऊस या क्रिया आहेत. स्थान आणि संवेग हे वस्तूचे गुण समजले जात. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, ही साधी संख्या. संख्यांचा गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो हे आपण प्राथमिक शाळेत घोकलेलं. हायझेनबर्गनं लेखात या अडचणीचा ओझरता उल्लेख केला, ती जिथं आड येणार नाही अशी उदाहरणं घेतली आणि जुलैमध्ये हस्तलिखित बॉर्नच्या हाती देऊन मोकळा झाला.

बॉर्नना मात्र झोप येईना. हा गुणाकार आपण कुठंतरी पाहिला आहे. काही दिवसांनी आठवलं: विद्यार्थिदशेत ब्रेस्लाऊला याकोब रोझानेस यांच्या वर्गात शिकलेले मॅट्रिक्स! त्या काळच्या भौतिकशास्त्रज्ञांना मॅट्रिक्स ही गणितज्ञांची खासगी मालमत्ता वाटे. बॉर्ननी आधी वोल्फगांग पाउलीला सोबत यायला विचारलं. १९ जुलैला हानोफरला जाणाऱ्या आगगाडीत ही भेट झाली आणि पाउलीनं तोडून टाकलं. गॉटिंगेनच्या कंटाळवाण्या गणितानं तुम्ही हायझेनबर्गच्या भौतिक कल्पनांचा सत्यानाश कराल, अशा आशयाचं काहीतरी. मग बॉर्ननी बावीस वर्षांच्या पास्कुआल योर्डानला घेतलं. सप्टेंबरअखेर दोघांचा लेख तयार होता आणि त्यात ते सूत्र होतं: संवेग गुणिले स्थान, वजा स्थान गुणिले संवेग, ही वजाबाकी शून्य येत नाही, प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय आय इतकी येते. सूत्रातला आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, आणि ते वर्गमूळ उपकरणाच्या काट्यावर कधीच दिसत नसल्यानं हे समीकरण वाचून मापनाबद्दल काय समजायचं हे तेव्हा कोणालाच उमगलं नव्हतं.

या सूत्राला पुढे हायझेनबर्गचं नाव लागलं, १९३२ चं नोबेल त्याला एकट्याला मिळालं आणि बॉर्नना १९५४ पर्यंत थांबावं लागलं. योर्डानला कधीच मिळालं नाही. नाझी पक्षात जाऊन त्यानं लोकांची सहानुभूतीही गमावली होती. गॉटिंगेनच्या स्मशानभूमीत बॉर्न यांच्या शिळेवर मात्र तेच समीकरण कोरलेलं आहे. शिळेवर मालकी नोंदवून ठेवण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

केंब्रिजमध्ये पॉल डिरॅकला हायझेनबर्गच्या लेखाची मुद्रितं वाचायला मिळाली होती. ज्या गोष्टीनं हायझेनबर्ग संकोचला, तीच डिरॅकला लेखातली मुख्य गोष्ट वाटली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी फिरताना त्याच्या मनात आलं की ही वजाबाकी जुन्या यांत्रिकीतल्या प्वासाँ कंसासारखी दिसते. पण प्वासाँ कंसाची नेमकी व्याख्या आठवेना, घरच्या पुस्तकांत सापडेना आणि रविवारी ग्रंथालय बंद. सोमवारी दार उघडताच तो आत शिरला. अंदाज बरोबर होता. म्हणजे क्रमाचा हा फरक नव्या यांत्रिकीचा कणाच होता, आणि ग्रहतारे चालवणारी जुनी यांत्रिकी हा फरक नगण्य झाल्यावर उरणारी तिची सावली.

गंमत अशी की क्रमाच्या या फरकाचा मापनाशी संबंध दाखवणारा प्रयोग आधीच होऊन गेला होता. फेब्रुवारी १९२२ मध्ये फ्रँकफुर्टला ओटो श्टेर्न आणि वाल्टर गेर्लाख यांनी भट्टीत चांदी तापवून तिच्या अणूंची बारीक शलाका विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडली. महागाईचे दिवस, पैसे उभे करण्यासाठी बॉर्न, जे त्याआधी काही काळ फ्रँकफुर्टला होते, सापेक्षतेवर तिकीट लावून व्याख्यानं देत. काचेवर साठलेली चांदी इतकी विरळ होती की आधी काही दिसेचना. श्टेर्न स्वस्त चिरूट ओढत. त्या धुरातल्या गंधकानं चांदी काळी पडली आणि ठसा उमटला, असं श्टेर्न पुढे सांगत. ठसा एक नव्हता, दोन होते. जुन्या कल्पनेप्रमाणे अणूंचे चुंबक हव्या त्या कोनात असायला हवेत आणि काचेवर सलग पट्टा यायला हवा. प्रत्यक्षात अणू फक्त वर गेले नाहीतर खाली. मधे कोणी नाही. गेर्लाखनी त्या चित्राचं पोस्टकार्ड नील्स बोर यांना पाठवलं. ही दुफळी इलेक्ट्रॉनच्या स्पिनची, म्हणजे त्याच्या अंगभूत फिरकीची, हे कळायला आणखी काही वर्षं गेली.

आता पाठ्यपुस्तकांत सांगतात तशी यापुढची मांडणी करू. उभ्या दिशेच्या चुंबकातून वर गेलेले अणू घ्या आणि पुन्हा उभ्याच चुंबकातून सोडा. सगळे वर जातात, मापन खात्रीचं आहे. आता मधे एक आडवा चुंबक ठेवा. तिथं निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. उजवीकडचेच घ्या आणि शेवटच्या उभ्या चुंबकात सोडा. मघाशी सगळे वर जात होते. आता निम्मे खाली येतात. उभ्या दिशेचा स्पिन आणि आडव्या दिशेचा स्पिन या क्रमनिरपेक्ष नसलेल्या राशी आहेत, आणि आडव्याची चौकशी करताच उभ्याबद्दलची माहिती पुसली गेली. अशीच गोष्ट प्रकाशाच्या ध्रुवणाची. दोन पोलरॉइड काचा एकमेकींशी काटकोनात धरल्या तर पलीकडचं काही दिसत नाही. त्यांच्यामध्ये तिसरी, पंचेचाळीस अंशांत तिरपी काच सरकवली, की अंधारातून प्रकाश येऊ लागतो. काचा आदर्श असतील तर पहिल्या काचेतून आलेल्यापैकी चौथा भाग. अडवणारी वस्तू वाढवली आणि उजेड वाढला! पोलरॉइड गॉगलच्या काचा मिळाल्या तर कोणीही हे करून पाहावं.

सहज वाटतं की मधल्या चुंबकानं अणूला ढकललं असणार, त्याचा स्पिन कलला असणार. पण मग हे पाहा. मधल्या चुंबकातून निघालेल्या डाव्या आणि उजव्या दोन्ही शलाका, कोणता अणू कुठून गेला याची कुठंही खूण उरू न देता, काळजीपूर्वक परत एकत्र आणल्या तर शेवटच्या चुंबकात सगळे अणू पुन्हा वरच जातात. चुंबक तोच, त्याचा जोर तोच. ढकलण्यानं उभा स्पिन बिघडला असता तर शलाका जुळवल्यानं तो सुधारला नसता. कोणती वाट याची नोंद जगात कुठंतरी राहिली की क्रमाचा फरक उघडा पडतो; नोंद नसेल तर मधलं मापन झालंच नाही असं समजायचं. मापन म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही. जॉन फॉन नॉयमान यांनी १९३२ च्या ग्रंथात याला गणिताची शिस्त लावली: मापनानंतर वस्तूची स्थिती मोजलेल्या राशीच्या एका ठरावीक उत्तराची होऊन बसते, आणि त्या राशीशी क्रमनिरपेक्ष नसलेल्या राशीला त्या स्थितीत सर्वसाधारणपणे ठाम उत्तर उरत नाही.

पण १९२६ साली कोपनहेगनमध्ये हे इतकं स्वच्छ कोणालाच नव्हतं. हायझेनबर्ग बोर यांच्या संस्थेत व्याख्याता म्हणून आला होता आणि तिथंच माळ्यावरच्या खोलीत राहत होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला एर्विन श्रोडिंजरनं लाटांची यांत्रिकी मांडली होती, आणि ती मॅट्रिक्सपेक्षा लोकांना कितीतरी आवडली. लाट डोळ्यांपुढे आणता येते. शरदात बोरनी श्रोडिंजरला बोलावलं आणि स्टेशनापासूनच वाद सुरू केला. पाहुणा तापानं अंथरुणाला खिळला, बोर यांच्या पत्नी मार्गरेट त्याची शुश्रूषा करू लागल्या, आणि बोर पलंगाच्या काठावर बसून म्हणत राहिले, पण श्रोडिंजर, एवढं तरी मान्य करा! हायझेनबर्गनं हे आठवणींत लिहून ठेवलं आहे. बोर कमालीचे सौम्य आणि वादात कमालीचे निर्दय, दोन्ही खरं.

पाहुणा गेल्यावर पाळी हायझेनबर्गची. बोर रात्री उशिरा माळ्यावर येत आणि एकच प्रश्न पुन्हा उकरत. मेघकक्षात इलेक्ट्रॉनची वाट डोळ्यांना दिसते, बाष्पातली पांढरी रेघ. मॅट्रिक्सच्या गणितात तर वाट नावाची गोष्टच नाही. मग दिसतं ते काय? ऑक्टोबरात पाउलीचं पत्र आलं होतं: जगाकडे संवेगाच्या डोळ्यानं पाहता येतं, स्थानाच्या डोळ्यानंही पाहता येतं, पण दोन्ही डोळे एकदम उघडले की माणूस भरकटतो. फेब्रुवारीत बोर वैतागून नॉर्वेला स्कीइंगला निघून गेले. हायझेनबर्गनं सुटकेचा निश्वास टाकला असणार.

संस्थेमागच्या फेलेद पार्कमध्ये एका रात्री फिरताना त्याला सुचलं की प्रश्नच उलटा विचारायला हवा. मेघकक्षात वाट दिसतच नाही. दिसतात ते थेंब, इलेक्ट्रॉनच्या मानानं अवाढव्य. म्हणजे इलेक्ट्रॉन साधारण इथं आणि त्याचा संवेग साधारण एवढा, इतकंच आपल्याला कळतं. मग विचारायचं ते हे: गणित या ‘साधारण’ला किती जागा देतं? उत्तर आलं की स्थानातली अचूकता वाढवत गेलं तर संवेगातली घसरते, आणि दोन्हींमधल्या ढिलाईचा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाच्या आसपास राहतो. २३ फेब्रुवारी १९२७ ला त्यानं पाउलीला चौदा पानी पत्र लिहिलं. पाउलीचा हिरवा कंदील मिळाला. बोर परतण्याआधी लेख लिहून काढायचा, असं त्यानं ठरवलं.

लेखात गणिताला हात देण्यासाठी त्यानं ते उपकरण आणलं: गॅमा किरणांचा सूक्ष्मदर्शक. असा सूक्ष्मदर्शक कोणी बांधला नाही आणि बांधणारही नव्हता. तरंगलांबी जितकी लहान तितकं स्थान नेमकं, म्हणून गॅमा किरण. पण लहान तरंगलांबीच्या फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणाचा, संवेग मोठा, आणि इलेक्ट्रॉनवरून उसळताना तो त्याला जोरदार धक्का देतो. म्हणून संवेग अनिश्चित. झालं.

बोर परत आले, त्यांनी वाचलं आणि मान हलवली. धक्का मोठा असला म्हणून काय झालं? फोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या टकरीचं गणित आर्थर कॉम्प्टन यांनी आधीच करून ठेवलं होतं. येणारा आणि जाणारा फोटॉन कोणत्या दिशेनं हे ठाऊक असेल तर धक्का नेमका किती ते काढता येतं आणि वजा करता येतं. अनिश्चितता धक्क्याच्या आकारात नाही. ती आहे भिंगाच्या रुंदीत. सूक्ष्मदर्शकाचं भिंग जितकं रुंद तितकी विभेदनक्षमता चांगली. पण भिंग रुंद असलं की फोटॉन त्यातून कोणत्या दिशेनं आत आला हे सांगता येत नाही, आणि म्हणून धक्का किती हेही सांगता येत नाही. भिंग अरुंद केलं तर दिशा कळते, पण चित्र धूसर होतं. दोन्हींचा गुणाकार केला की तरंगलांबी कटून जाते आणि प्लांकचा स्थिरांक उरतो. सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता कशावर ठरते? वीन यांनी हाच प्रश्न विचारला होता.

पुढचे आठवडे वाईट गेले. बोर म्हणत लेख छापू नकोस, आधी पाया दुरुस्त करू. हायझेनबर्ग म्हणे निष्कर्ष बरोबर आहे. बोरना लाट आणि कण ही दोन्ही चित्रं हवी होती, हायझेनबर्गला लाट हा शब्दच नको होता, कारण लाट श्रोडिंजरची. स्वीडनचा ओस्कार क्लाइनही या भांडणात बोरच्या बाजूनं ओढला गेला. दडपण असह्य होऊन आपल्याला रडू कोसळलं होतं, असं हायझेनबर्गनं म्हातारपणी मुलाखतीत कबूल केलं. वय पंचवीस, हातात शतकातल्या मोठ्या शोधांपैकी एक, आणि समोर गुरू म्हणतोय की तुझ्या उदाहरणातलं भिंग चुकलंय! लेख मार्चमध्ये गेला तो तसाच गेला. छपाईच्या वेळी हायझेनबर्गनं शेवटी एक टीप जोडली: काही महत्त्वाच्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटल्या होत्या, त्या बोर यांनी दाखवल्या. मोठेपणाही असेल, मला त्यात थोडी दमणूकही दिसते.

इथवरचा भाग बहुतेक पुस्तकांत सापडतो. यानंतर जे झालं त्याकडे मात्र फार कमी लोकांनी लक्ष दिलं. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातून युरोपात आलेले अर्ल केनार्ड यांनी अनिश्चिततेचं पहिलं काटेकोर गणित दिलं, आणि १९२९ मध्ये प्रिन्स्टनच्या हॉवर्ड रॉबर्टसन यांनी ते कोणत्याही दोन राशींना लागू केलं. दोन राशींच्या विखुरलेपणाचा गुणाकार, त्यांच्या उलटसुलट गुणाकारांतल्या फरकाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी होऊ शकत नाही. आज विद्यापीठांत शिकवतात ते हेच, आणि त्याला नाव देतात हायझेनबर्गचं. पण नीट वाचा. यात एकामागून एक केलेली मापनं नाहीत, धक्का नाही, सूक्ष्मदर्शकही नाही. एकाच पद्धतीनं तयार केलेले हजारो इलेक्ट्रॉन घ्या. निम्म्यांचं फक्त स्थान मोजा, निम्म्यांचा फक्त संवेग मोजा. कोणत्याही एका इलेक्ट्रॉनवर दोन मापनं होत नाहीत. तरीही दोन्ही आकडे एकदम घट्ट येणार नाहीत. हे वस्तूच्या स्थितीबद्दलचं विधान आहे. सूक्ष्मदर्शकाची गोष्ट एका मापनानं दुसऱ्या राशीत होणाऱ्या बिघाडाबद्दलची आहे. दोन्हींचं मूळ एकच असलं तरी विधानं दोन आहेत; पहिलं सिद्ध झालं आणि दुसऱ्याला सिद्धतेचा मान आपोआप मिळून गेला.

हायझेनबर्गनं १९२९ साली शिकागोत दिलेल्या व्याख्यानांच्या पुस्तकातही आधी गणित आणि मागोमाग सूक्ष्मदर्शक अशी मांडणी आहे. वाचणाऱ्याला शिवण दिसत नाही. त्याच दौऱ्यात तो जपानमार्गे हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याला रवींद्रनाथ टागोरांना भेटला. अनिश्चिततेचा सिद्धांत भारतीय तत्त्वज्ञानातून स्फुरला असं आपल्याकडे या भेटीच्या आधारानं बिनदिक्कत सांगितलं जातं. लेख १९२७ चा, भेट १९२९ ची. एवढी वजाबाकी तरी क्रमानं करावी.

धक्क्याच्या गोष्टीला मोठा तडा गेला १९३५ मध्ये. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी अशी कणांची जोडी कल्पिली की एकाचं स्थान मोजलं की दुसऱ्याचं कळतं, एकाचा संवेग मोजला की दुसऱ्याचा कळतो, आणि दुसरा कण असतो दूर, कोणीही हात न लावलेला. त्याला कोण धक्का देणार? आइन्स्टाइनचा निष्कर्ष असा की दुसऱ्या कणाकडे दोन्ही उत्तरं आधीपासून असली पाहिजेत. बोर यांनी उत्तर देताना कबूल केलं की इथं यांत्रिक बिघाडाचा प्रश्नच नाही. कोणती राशी मोजायची हे निवडलं की कशाबद्दल बोलता येतं तेच ठरतं. निकाल लावण्याची वाट जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवली. उत्तरं आधीपासून ठरलेली असतील आणि दूरच्या घटनांचा परस्परांवर लगेच परिणाम होत नसेल, तर मापनांच्या जुळणीला एक मर्यादा पडते. प्रयोगांनी ती ओलांडली. २०२२ चं नोबेल त्याबद्दल आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना मिळालं. दोन्ही बाजूंना क्रमनिरपेक्ष नसलेल्या राशी मोजल्या नाहीत, तर ही मर्यादा कधीच ओलांडली जात नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या दाव्याची खरी तपासणी मात्र तत्त्वज्ञांनी केली नाही. ती करावी लागली गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्यांना. लहर आली की टांगलेला आरसा कणभर हलतो. तो हलला का हे कळायला त्याचं स्थान एकदा मोजायचं आणि क्षणभरानं पुन्हा मोजायचं. मॉस्कोचे व्लादिमीर ब्रागिन्स्की यांनी धोक्याची घंटा वाजवली: पहिल्या मापनानं आरशाच्या संवेगात बिघाड होईल, आणि तो बिघाड वेळ जाईल तसा स्थानात उतरेल. मोकळ्या वस्तूचं आत्ताचं स्थान आणि थोड्या वेळानंतरचं स्थान या दोन राशीच क्रमनिरपेक्ष नाहीत! चाळीस किलोचा आरसा आणि सेकंदाचा शंभरावा भाग घेतला तर ही मर्यादा प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण दहाहजाराव्या भागाइतकी येते, आणि लायगोसारख्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राला वावरायचं असतं ते याच टप्प्यात. १९८३ मध्ये होरेस युएन यांनी विचारलं, ही मर्यादा सिद्ध कुठं झाली आहे? कार्लटन केव्ह्‌ज यांनी तिची बाजू लढवली. जपानचे मासानाओ ओझावा यांनी १९८८ मध्ये ती मोडणाऱ्या मापनाचं पूर्ण गणितच मांडलं.

ओझावा तिथं थांबले नाहीत. २००३ मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दावा सरळ तपासला आणि सांगितलं की चूक गुणिले बिघाड हा एकटा गुणाकार मर्यादेखाली जाऊ शकतो. त्यात आणखी दोन पदं मिळवावी लागतात: मापनातली चूक गुणिले दुसऱ्या राशीचा मुळातला विखुरलेपणा, आणि बिघाड गुणिले पहिल्या राशीचा विखुरलेपणा. या तिन्हींची बेरीज मर्यादेखाली जात नाही. २०१२ मध्ये व्हिएन्नात युजी हासेगावा यांच्या गटानं अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या स्पिनवर हे करून पाहिलं. एका दिशेचा स्पिन जाणूनबुजून थोडा चुकीच्या कोनातून मोजायचा आणि मग दुसऱ्या दिशेचा. ओझावांचं सूत्र टिकलं, जुना गुणाकार मर्यादेखाली गेला. एक कारण सोपं आहे. स्पिनची उत्तरं दोनच असतात, त्यामुळे त्यात होणारा बिघाड कितीही झाला तरी एका हद्दीत राहतो. पहिलं मापन अगदी अचूक केलं, म्हणजे चूक शून्य केली, की गुणाकारही शून्य. त्याच वर्षी टोरोंटोत एफ्राइम स्टाइनबर्ग यांच्या गटानं फोटॉनवर तसंच दाखवलं.

वर्तमानपत्रांनी हायझेनबर्ग चुकला असे मथळे दिले. वर्षभरात पॉल बुश, पेक्का लाहटी आणि राइनहार्ट वेर्नर यांनी उत्तर दिलं: चूक कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. एखाद्या विशिष्ट स्थितीत उपकरण किती चुकतं हे न पाहता ते उपकरण सगळ्या स्थितींत मिळून जास्तीत जास्त किती चुकू शकतं हे माप धरलं, तर स्थान आणि संवेगासाठी हायझेनबर्गचा गुणाकार जसाच्या तसा सिद्ध होतो. दोन्ही बाजूंचं गणित बरोबर आहे. वाद व्याख्येचा आहे, आणि माझा कल थोडा बुश यांच्याकडे आहे, कारण उपकरण विकत घेणारा त्याची हमी विचारतो तेव्हा सगळ्यांत वाईट दिवसाचीच विचारतो. पण आरशापुढे बसलेल्या माणसाला एका ठरावीक स्थितीतलंच काम करायचं असतं, आणि तिथं ओझावांचा हिशोब उपयोगी पडतो.

त्या आरशांचं पुढे काय झालं? २०२० मध्ये लायगोच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की लेसरमधल्या फोटॉनच्या संख्येतल्या पुंजीय चढउतारानं चाळीस किलोचे आरसे खरोखर थरथरतात, प्रोटॉनच्या व्यासाच्या लाखाव्या भागाहूनही कमी. प्रकाशाची तीव्रता आणि त्याची कला, म्हणजे लाट कोणत्या टप्प्यावर आहे ते, याही क्रमनिरपेक्ष नसलेल्या राशी. कलेतली अनिश्चितता दाबली की तीव्रतेतली फुगते आणि आरसा जास्त हलतो. म्हणून लायगोत आता तीनशे मीटर लांबीची एक वेगळी पोकळी बसवली आहे. तिच्यातून येणारा स्क्वीझ्ड प्रकाश, म्हणजे एका राशीतली अनिश्चितता दाबून दुसरीत ढकललेला, उच्च वारंवारतेला कलेतली अनिश्चितता दाबतो आणि कमी वारंवारतेला तीव्रतेतली. २०२४ मध्ये लायगोच्या लिव्हिंग्स्टनमधल्या यंत्राचे निकाल प्रसिद्ध झाले. काही वारंवारतांमध्ये ते ब्रागिन्स्कींच्या मर्यादेखाली उतरलं होतं.

तसंच चार किलोमीटर हातांचं यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. स्क्वीझ्ड प्रकाश तिथंही वापरायचा झाला, तर कोणत्या वारंवारतेला अनिश्चितता कोणत्या राशीवर ढकलायची, हे तिथल्या लोकांनाही ठरवावं लागेल.